संहितेत नसलेला पाय

मंदाताई कुठल्याही नाट्यगृहात गेल्या की रंगमंचाकडे नंतर बघत, आधी पायऱ्यांकडे बघत. किती आहेत, कठडा कुठल्या हाताला आहे, शेवटची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे का. आमच्या भागातल्या बहुतेक नाट्यगृहांत ती उंच असतेच. का असते, ते मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. प्रयोगाच्या दिवशी आम्ही मंडळी तीनला पोचायचो, तेव्हा मंदाताई दोनपासून विंगेतल्या लोखंडी खुर्चीवर बसलेल्या असायच्या. डावा पाय पुढे ताठ, कुबडी भिंतीला टेकलेली, मांडीवर संहिता, आणि पर्समध्ये शिलाई मशीनच्या तेलाची छोटी बाटली. डाव्या पायात मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर होता, म्हणजे दोन लोखंडी सळ्या आणि चामड्याचे पट्टे. गुडघ्याजवळच्या त्याच्या कड्या कुरकुरल्या तर आवाज प्रेक्षकांत जाईल म्हणून त्या प्रयोगाआधी आठवणीने तेल घालायच्या. रंगमंचावर मात्र त्या बहुतेक प्रयोगांत जायच्या नाहीत. त्या आमच्या प्रॉम्प्टर होत्या.

सांगलीतली आमची हौशी नाट्यसंस्था. कुणी बँकेत, कुणी शाळेत, मी एका छापखान्यात. संध्याकाळी तालमीला जमायचं आणि वर्षाकाठी एक नाटक स्पर्धेला न्यायचं. मंदाताई विश्रामबागेतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात होत्या. मूळच्या कराडजवळच्या खेड्यातल्या. वडील फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले, घरी ऊस. दोन वर्षांच्या असताना पोलिओने पाय गेला. सुभेदारांनी पोरीला मिरजेला नेऊन पहिला कॅलिपर करून आणला आणि अंगणात रोज सकाळी स्वतः चालवलं. पडली तर उचलायचे नाहीत, शेजारी उभे राहायचे. मंदाताई हे सांगायच्या तेव्हा त्यात तक्रार नसायची. मायाही नसायची. घडलं तसं सांगायच्या.

त्यांच्याजवळ दोन भाषा होत्या. संवाद म्हणायला लागल्या की शुद्ध, घासूनपुसून लख्ख मराठी, प्रत्येक जोडाक्षर आपापल्या जागी. संवाद संपला की पुढच्या क्षणाला कराडच्या. एखाद्या महाराणीचं स्वगत संपवून त्याच दमात, "आरं, चहा आला का न्हाई?" नवीन पोरं हसायची. त्यांना कळायचं नाही की मंदाताईंना मुद्दाम करावं लागत नाही, दोन्ही त्यांचंच आहे.

भूमिका मिळाल्या नाहीत असं नाही. बाजेवरची आजी मिळाली, सिंहासनावरची राणी मिळाली, पलीकडच्या खोलीतून येणारा सासूचा आवाज मिळाला. नवं नाटक हातात आलं की त्या आपली पानं काढायच्या आणि पेन्सिलने एवढंच शोधायच्या, ही बाई कधी उभी राहते का? "मी रंगभूमीवर बसून म्हातारी झाले बघ, सुभाष," असं एकदा मला म्हणाल्या. तेव्हा चाळिशीच्या होत्या.

एकदा अपंग दिनाला कुठल्याशा मंडळाने त्यांचा सत्कार केला. निवेदकाने त्यांना जिद्दीची मूर्ती म्हटलं, शाल-नारळ दिला आणि चार प्रेरणादायी शब्द बोलायला सांगितलं. मंदाताईंनी माइक हातात घेतला आणि आमच्याच एका नाटकातल्या कजाग, लबाड घरमालकिणीचं दोन पानी स्वगत म्हणायला सुरुवात केली. भाडेकरूंना शिव्या देत, मधेच पान थुंकल्याचा अभिनय करत. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना हसावं की गंभीर राहावं ते कळेना. निवेदकाने अर्ध्यातच माइक काढून घेतला. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "मला नट म्हणून बोलावलं असं वाटलं हुतं." मी त्यांच्याकडे बघितलं. चेष्टा करत नव्हत्या.

मग ते मालतीचं नाटक आलं. आमच्याच लेखकाने लिहिलेलं. मालती ही एका वकिलाची बायको, मुलाचं खोटं तिच्या लक्षात येतं आणि घर हलतं. मालती करणारी बाई प्रयोगाच्या दोन दिवस आधी डेंग्यूने झोपली. आम्ही सगळे तालमीच्या खोलीत बसून पर्यायी नावं काढत होतो. एक मिरजेची, एक इस्लामपूरची, एक दहा वर्षांपूर्वी काम सोडलेली. मंदाताई संहिता घेऊन तिथेच बसल्या होत्या. शेवटी प्रकाशयोजना करणारे अण्णा म्हणाले, मंदाताईंना सगळं पाठ आहे की. आमचा दिग्दर्शक म्हणाला, "हो, पण..."

"पण काय ते पुरं बोल," मंदाताई म्हणाल्या.

मालती मंदाताईंनी केली.

दुसऱ्या अंकात मुलाचं खोटं उघडं पडल्यावर मालती टेबलापासून उठते आणि दाराशी जाते. आधीची बाई हे धावत करायची. मंदाताईंनी टेबलावर हात टेकला, पाय सरळ केला, गुडघ्याची कडी खाली सरकवली. टक असा आवाज झाला. मग त्या उठल्या. उठायला लागायचा तेवढा वेळ त्यांनी घेतला आणि कुबडी घेऊन दारापर्यंत गेल्या. मी संगीताच्या यंत्राजवळ होतो. तिथे एक सूर सोडायचा होता, तो मी सोडला नाही. हात झालाच नाही. पुढे मुलाचं काम करणारा नट खरोखरच एक वाक्य विसरला, आणि रंगमंचावरूनच, ओठ न हलवता, मंदाताईंनी त्याला ते दिलं.

परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद महिन्याने आला. मालतीची भूमिका प्रभावी, असं त्यात होतं. पुढे असं होतं की, पात्राच्या अपंगत्वाचं कारण संहितेत कुठेही येत नाही, त्यामुळे प्रेक्षक संभ्रमात पडतो. अभिनयाचं बक्षीस दुसरीकडे गेलं. लेखक भला माणूस. तो म्हणाला, पुढच्या प्रयोगासाठी एक वाक्य घालतो, लहानपणी अपघात झाला म्हणून. मंदाताई नको म्हणाल्या.

"मग सगळं नाटक त्या अपघाताचं हुतंय. आमच्या आळीत चार लंगडी माणसं हायत. भाजी घेताना कुणी कारण इचारत न्हाई. हितं मात्र लिवून पायजे."

पुढचा प्रयोग झाला नाही. आधीची मालती बरी झाली होती, पण संस्थेतच भांडणं लागली आणि नाटक राहिलं ते राहिलंच.

त्यानंतर छापखाना बंद पडला आणि मी साताऱ्याला आलो. साताऱ्याच्या आसपास मालिकांची चित्रीकरणं वाढली होती. त्यांना बाजारातली माणसं लागतात, लग्नातले पाहुणे, तलाठी, दवाखान्यातल्या नर्सबाई. अशी स्थानिक माणसं जमवून द्यायचं काम मला मिळालं. एका मालिकेत नायकाच्या थोरल्या बहिणीची भूमिका होती. शाळेची मुख्याध्यापिका, पायाने अधू, भावाला आईसारखं वाढवलेली. रोजच्या भागात दिसणारी, मोठी भूमिका. कागद वाचल्यावर मी लगेच सांगलीला फोन लावला. मंदाताईंनी पहिला प्रश्न विचारला, "उभी हाय का?" मी म्हटलं, उभी आहे, चालतेही.

शहराबाहेर उसाच्या मध्ये एक भाड्याचा बंगला होता, तिथे त्यांची चाचणी झाली. भाऊ न सांगता लग्न करून येतो तो प्रवेश. मंदाताईंनी तो एकदाच केला. चहा वाटणारी माणसं किटल्या हातात धरून थांबली होती. दिग्दर्शक कानावरचे हेडफोन काढून पुढे आला आणि म्हणाला, "ताई, आता दुसरं कुणी बघायचं नाही." मंदाताई परतीच्या एसटीत बसल्या तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. त्यांनी पर्स दोनदा उघडून बंद केली.

दोन आठवड्यांनी वाहिनीच्या कार्यालयातून फोन आला. दिग्दर्शकाने तो स्पीकरवर ठेवला होता, मी खोलीत होतो. पलीकडची बाई फार सभ्यपणे बोलत होती. काम उत्तमच आहे म्हणाली. "पण लोक जेवताना बघतात ना. खरं असलं की त्यांना जड जातं. आपण मुंबईची आर्टिस्ट देतो. चालणं शिकवायला त्या बाईंना ठेवा." दिग्दर्शकाने एकदा, दोनदा सांगून पाहिलं. मग बघतो म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सुभाषराव, माझ्यानं नाही होणार. तुम्ही सांगा त्यांना."

मी सांगलीला गेलो. ग्रंथालयात मंदाताई नव्या पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मी सांगत होतो तोवर त्यांनी हात थांबवला नाही. चिठ्ठ्या सरळ लागत होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं की पोरगी किती वयाची आहे, कंबर-गुडघे धड आहेत ना. मग म्हणाल्या, "चुकीचं चालली तर चार महिन्यांत कंबर जाईल तिची. येते मी."

खरं सांगायचं तर त्यांनी नाही म्हणावं असं मला वाटत होतं. म्हणजे मी सुटलो असतो.

मुंबईची ती नटी, ईशा, पस्तिशीची, कामसू बाई होती. तिच्याविषयी वाईट बोलायला माझ्याकडे काही नाही. मंदाताईंनी तिला पहिले तीन दिवस चालू दिलंच नाही. नुसतं बसून उठायला लावलं. कॅलिपरचे पट्टे लागून तिच्या पोटरीला फोड आले, ती रडली, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधून आली. ती पाय ओढून, खांदा पाडून चालायची, चेहऱ्यावर वेदना आणून. मंदाताई तिला थांबवायच्या. "दुखतंय असं कशाला दावतीस? मला दुखत न्हाई. पायाकडं बघू नको, दोन पावलं पुढची जमीन बघ. तिथं खडा हाय का, वलं हाय का. आमचं सगळं ध्यान पडायचं न्हाई यात असतं." ईशाने ते वहीत लिहून घेतलं.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मंदाताई सकाळपासून पाणी पीत नाहीत. तिथलं स्वच्छतागृह व्हॅनिटी व्हॅनमध्ये होतं, आणि व्हॅनला चढायला तीन उंच लोखंडी पायऱ्या, धरायला काही नाही. रजा काढून त्या साताऱ्यात एका खोलीवर राहत होत्या; सकाळी तिथून निघताना घोटभर चहा घ्यायच्या तो घ्यायच्या, मग संध्याकाळी खोलीवर परत जाईपर्यंत काही नाही. मी निर्मिती व्यवस्थापकाला सांगितलं. त्याने एक प्लास्टिकचं स्टूल पाठवलं. ते हलत होतं. मी पुन्हा सांगितलं. तो पुढच्या वेळापत्रकात बघू म्हणाला. मी दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा नाही सांगितलं. माझं तिथलं काम असं होतं की तिसऱ्यांदा सांगणाऱ्याला पुन्हा बोलावत नसत.

त्याच आठवड्यात बंगल्याच्या दारात कलाविभागाने एक सुंदर उतार बांधला. दोन्ही बाजूंना गुळगुळीत कठडे, फिकट पिवळा रंग. मालिकेतल्या बहिणीला घरात येता-जाता यावं म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मंदाताई त्याच्यापाशी गेल्या, कठड्यावरून हात फिरवला आणि कुबडी वर टेकवली. आतून कलाविभागाचा माणूस धावत आला. फार नम्रपणे म्हणाला, "मॅडम, त्यावर नका जाऊ. नुसतं प्लाय आहे, वजन नाही घेणार." चित्रीकरणात ईशा दाराशी दिसायची आणि दृश्य कापून आत सुरू व्हायचं. उतारावरून कुणी चढतच नव्हतं.

मंदाताईंनी कुबडी काढून घेतली आणि बाजूच्या पायऱ्यांनी आत गेल्या. चार होत्या.

मालिका सुरू झाली, ईशाचं कौतुक झालं. पण सहा-सात महिन्यांत प्रेक्षक कमी व्हायला लागले, तेव्हा कथेत असं ठरलं की बहिणीच्या पायावर परदेशातून आलेला डॉक्टर शस्त्रक्रिया करतो आणि ती बरी होते. भावाच्या लग्नात ती जिना उतरून नाचत येते, असा तो भाग होता. मंदाताईंची गरज संपली. हे कळवायचं कामही माझ्याकडेच आलं. त्याआधी ईशाने स्वतः त्यांना फोन केला होता आणि ती फोनवर रडली होती. मंदाताईंनीच तिची समजूत काढली.

मला त्या म्हणाल्या, "कुठल्या दवाखान्यात गेली ती? पत्ता इचारून ठेव." मी हसायचा प्रयत्न केला. तो भाग टीव्हीवर लागला त्या रात्री त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, "नाचताना बघितलं मी तिला. डावा पाय अजून थोडा मागं राहतोय. माझ्याकडनं शिकलेलं लवकर जाणार न्हाई."

कुबडीवर चाळीस वर्षं भार टाकून पुढे त्यांचा उजवा खांदा गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी चालणं बंद करून चाकाची खुर्ची घ्यायला सांगितलं. वर्षभर त्यांनी ऐकलं नाही, मग हात वर उचलेना तेव्हा घेतली. मला वाटलं, नाटक आता संपलं. पण त्यांच्या ग्रंथालयात नाटकं वाचायला येणारी एक विद्यार्थिनी होती, तेजश्री नावाची. शिक्षण संपवून ती शिक्षिका झाली होती आणि आमची विस्कटलेली संस्था तिने पुन्हा उभी केली होती; मीही साताऱ्याहून येऊन-जाऊन असायचो. तिने एक नाटक लिहिलं. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसणारी, सगळ्या गावाची गुपितं ठाऊक असलेली, तोंडाने फटकळ बाई. ही भूमिका मंदाताईंसाठी होती, आणि पूर्ण नाटकाचा भार तिच्यावर होता.

स्पर्धेत आम्हाला जे नाट्यगृह मिळालं त्याचा रंगमंच जमिनीपासून चार फूट उंच. बाजूने सात अरुंद पायऱ्या. मागे नेपथ्य चढवायचा दरवाजा होता, पण तोही ट्रकच्या उंचीचा. तेजश्रीने तीन आठवडे आधी पत्र दिलं होतं, त्याला उत्तर आलं नव्हतं. प्रयोगाच्या सकाळी आम्ही सुतार घेऊन गेलो. व्यवस्थापक म्हणाला, उतार सौम्य करायचा तर तो सगळी मधली वाट अडवेल, आग लागली तर माणसं बाहेर कशी जातील? त्याचंही चूक नव्हतं. मग सुताराने बाजूला बसेल एवढाच, उभट उतार केला. आम्ही दोघांनी खुर्ची मागून ढकलली. निम्म्यात ती तिरपी होऊन खाली सरकली. मंदाताईंनी कठडा धरायला हात टाकला आणि तळव्याची कातडी सोलली गेली.

आम्ही चौघं उचलून घेतो, असं सगळ्यांनी सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. तेजश्री हात जोडायला लागली तेव्हा त्यांनी तिला जवळ बोलावलं. हळू बोलल्या, पण मी खुर्चीमागेच होतो.

"लहानपणापासनं उचलतायत मला. उचलणाऱ्याचा हात कुठं लागतो ते उचलणाऱ्याला कळत न्हाई, बाई. मला कळतंय. मग तासभर तेच डोक्यात ऱ्हातंय. तसं काम कसं करू मी?"

त्यानंतर कुणी उचलायचं नाव काढलं नाही. असं ठरलं की बाकीची पात्रं वर, आणि मंदाताई खाली, पहिल्या रांगेच्या पुढच्या मोकळ्या जागेत. चौकशीची खिडकी वर तशीच रिकामी राहणार. अण्णा दिवे फिरवायला गेले, पण ते सगळे रंगमंचाच्या आत टाकायला बांधलेले. एकच दिवा कसाबसा वळला, आणि त्याचा उजेड मंदाताईंच्या गुडघ्यांपर्यंतच येत होता.

प्रयोग झाला. मी शेवटच्या रांगेच्या मागे भिंतीला टेकून उभा होतो. वर पाच पात्रं झगझगीत उजेडात, रिकाम्या खिडकीशी बोलत होती, आणि उत्तरं खालून, अंधारातून येत होती. सगळ्या सभागृहात पोचणारा तो आवाज. लोक हसायच्या जागी हसले. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तिचं मोठं बोलणं होतं, पोराच्या शोधात आलेल्या एका म्हाताऱ्याला ती खरं काय ते सांगते. ते सुरू झालं तशी मागच्या रांगांतली माणसं एकेक करून उभी राहायला लागली. आधी दोघं-तिघं, मग अख्ख्या चार रांगा. पुढच्यांनी वळून बघितलं, त्यांना वाटलं मागचे मानवंदना देतायत. माझ्याही क्षणभर तसंच मनात आलं. मग माझ्या पुढचा माणूस टाचा उंचावून बायकोला विचारत होता ते ऐकलं, "बोलतंय कोण? दिसंना मला."

परीक्षकांनी काय लिहिलं ते मी वाचलेलं नाही. त्यानंतर मंदाताई कुठल्या नाटकात दिसल्या नाहीत. खांद्याचं दुखणं हातात उतरलं, आणि निवृत्तीनंतर त्या भावाकडे कराडच्या बाजूला गेल्या. फोन होतो कधीमधी.

त्या संध्याकाळी त्यांना रिक्षात बसवायला मी आणि तेजश्री होतो. त्या खुर्चीतून स्वतःच सरकून आत बसल्या, सोललेला तळवा रुमालात गुंडाळलेला. चेहरा घामाने ओला, पण डोळे प्रयोगानंतर नटाचे असतात तसे. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "मागं ऐकू गेलं का रं?"

"शेवटच्या रांगेपर्यंत," मी म्हणालो.

"आन दिसलं?"

मी खुर्चीची घडी घालायला खाली वाकलो. ती एका बाजूने अडकली होती. तेजश्री मदतीला आली, आणि आम्ही दोघं ती खटपट जरा जास्तच वेळ करत राहिलो.